ताईच्या यंत्राचं झाकण

ताईचं यंत्र श्वास घ्यायचं. पायडल दाबलं की 'फुस्स' करून वरचा लोखंडी ठोकळा खाली यायचा, कातड्यावर ठेवलेल्या धारदार साच्यावर बसायचा, आणि पाय उचलला की उसासा टाकून परत वर जायचा. मग कातड्यातून चिमुकल्या बुटाचा तळ अलगद सुटून हातात यायचा. ताई लहान मुलांचे बूट करायची. वर्षानुवर्षं हातोडीने साचे ठोकून तिचा खांदा कामातून गेला, तेव्हा धाकट्या भावाने हे यंत्र तिला घरीच करून दिलं. तो बसच्या डेपोत दारं दुरुस्त करायचा. भंगारात निघालेल्या एका दाराचा हवेचा सिलिंडर त्याने आणला, जिन्याखाली कॉम्प्रेसर बसवला, आणि दारं उघडमीट करणारी हवा बहिणीच्या कामाला जुंपली.

यंत्राने खांदा वाचवला, पण मन मोकाट सोडलं. हातोडी होती तेव्हा प्रत्येक घावाकडे लक्ष द्यावं लागे. आता नुसतं फुस्स आणि उसासा, फुस्स आणि उसासा. खिडकीला चिकटवलेल्या पिवळट कागदातून ऊन झिरपायचं, कातड्याचा उबदार वास खोलीत साचून राहायचा, आणि ताईची तंद्री लागायची. बहुतेक वेळा ती एका तळ्याच्या पायऱ्या उतरत असायची. असं तळं तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण पायऱ्या ओळखीच्या वाटायच्या, आणि पाण्याखालीही त्या तशाच पुढे जाताना दिसायच्या.

एका दुपारी ती अशीच घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. कातडं जरा सरकलं म्हणून हात पुढे गेला आणि नेमका त्याच वेळी पाय पायडलवर पडला. फुस्स. ठोकळा वर गेला तेव्हा कातड्याच्या तळाबरोबर निळ्या फुलाफुलांचाही एक तळ सुटला होता. तो साच्याखाली सरकलेल्या तिच्या सैल बाहीचा होता. मनगट बोटभर अंतरावर राहिलं होतं. ताई त्या निळ्या तळाकडे बघत राहिली. कापलाय मात्र सुबक, असं तिच्या मनात आलं. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि लागोपाठ दोन पेले पाणी प्यायली.

संध्याकाळी भाऊ आला. त्याने बाही पाहिली, टेबलावरचा निळा तुकडा पाहिला आणि काय ते समजला. आधी कॉम्प्रेसर बंद केला, मगच खुर्चीवर टेकला.

"ताई, लक्ष कुठे होतं तुझं?"

"तळ्यावर."

"कुठल्या तळ्यावर?"

"ते मला तरी कुठे ठाऊक आहे."

"अगं, यंत्रापुढे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं."

"घालते की. पण तेलाने मी आणखीच घसरते."

त्याला हसू आलं, पण ते त्याने गिळून टाकलं. सुट्टीच्या दिवशी येऊन त्याने पायडल काढलं आणि टेबलाच्या दोन टोकांना दोन बटणं बसवली. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली यायचा. "आता साच्याखाली जायचं तर तुला तिसरा हात लागेल," तो म्हणाला, आणि निश्चिंत मनाने घरी गेला.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा डावं बटण कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दाबून ठेवलेलं होतं.

"हे काय?"

"चिमटा."

"चिमटा मलाही दिसतोय."

"कातडं धरायला हात लागतो रे," ताई म्हणाली. "कडेला ते वळतं, साच्याखालून निसटतं. तू माझे दोन्ही हात बांधून ठेवलेस. मग मी चिमट्याला म्हटलं, बाबा, एक बाजू तू सांभाळ."

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने नुसता चिमटा काढून घेतला. तो तिच्या स्टुलावर बसला, कातडं मांडलं आणि दोन्ही हातांनी बटणं दाबली. कातडं निसटलं. तळ असा वाकडातिकडा निघाला, की तो घालायला तसंच पाऊल शोधावं लागलं असतं. त्याने दोन-तीनदा करून पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन तो उलटासुलटा करून बघितला, जणू एखाद्या दाराची बिजागरी तपासतोय.

या वेळी त्याला बरेच दिवस लागले. कातडं सपाट दाबून धरायला त्याने दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पट्ट्या बसवल्या. साच्याभोवती पारदर्शक प्लास्टिकचं झाकण केलं. झाकणाच्या बिजागरीपाशी, एका बंद डबीत, हवेचा छोटा व्हॉल्व्ह होता. झाकण पूर्ण मिटलं की तो दाबला जायचा आणि हवेला वाट मिळायची. झाकण जरा उचललं की हवा सुटून जायची, आणि ठोकळा अर्ध्यात असला तरी वर परतायचा. बटणं निघाली, पायडल पुन्हा आलं. भावाने उघड्या झाकणात लाटण्याचं टोक धरलं आणि पायडलवर थयथयाट केला. यंत्र ढिम्म.

"चिमट्याला कुठेच जागा ठेवलेली नाही," तो म्हणाला.

"मग आता तळ्यावर गेले तर चालेल?"

"जा. फक्त जाताना झाकण लाव."

त्यानंतर तंद्री लागायची ती लागतच राहिली. एकदा ताई गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचली असताना पाय पायडलवर होता, हात कातड्यावर आणि झाकण उघडं. यंत्र गप्प उभं राहिलं. तीही घाई न करता एकेक पायरी चढत परत आली, हात काढला, झाकण मिटलं. फुस्स.

एका निवांत दुपारी भाऊ व्हॉल्व्ह तपासायला आला आणि सहज म्हणून तळ कापत बसला. ताई शेजारी बूट शिवत होती. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की आवाज थांबलाय. भावाचा पाय पायडलवर होता, झाकण उघडं होतं आणि नजर पिवळ्या खिडकीत हरवली होती. तिने हाक मारली नाही. आपणहून भानावर आला तेव्हा विचारलं, "कुठे होतास?"

"इथेच की," तो म्हणाला. लहानपणी खोटं बोलताना व्हायचे तसे त्याचे कान लाल झाले होते. सुई कातड्यात खोचून ती चहा ठेवायला उठली.