भोंग्याच्या सहा ओळी

चाळीस वर्षं लेथ मशीनच्या खडखडाटात काढल्यामुळे त्याला ओरडूनच बोलायची सवय. म्हणून मंडळींत त्याचं नाव पडलं भोंगा. दर रविवारी सकाळी त्याच्या बायकोच्या शिलाईखोलीत मशिनं भिंतीकडे सरकवून अकरा जण ग्रंथवाचनाला बसत. भोंग्याची पाळी असली की शेजाऱ्यांनाही घरबसल्या पुण्य लागायचं.

मग त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय सावरले, पण जीभ वळेना. मनात एक शब्द असायचा, तोंडातून भलताच निघायचा.

पाळ्यांची वही निवृत्त शाळामास्तरीण बाईंकडे असे. त्यांनी त्याचं नाव हलकेच खोडलं. "भाऊ, तुम्ही आता नुसतं ऐका. ऐकणंही वाचण्याइतकंच मोलाचं."

भोंग्याने वही ओढून घेतली आणि तीन आठवड्यांनंतरच्या रविवारासमोर वाकड्यातिकड्या अक्षरांत आपलं नाव पुन्हा लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून बायको शर्टांना काजं करायला बसली की तो समोर ग्रंथ उघडून बसे. वाट्याला आलेल्या ओळी सहाच.

"थकलेल्याला... वाटी द्या."

"अहो, वाटी नाही, वाट!"

त्याने टेबलावर मूठ आपटली. बटणांचा डबा उपडा झाला. बायकोने ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटलंच. "वाटी दिली तरी चालेल म्हणा. रिकामी नसली म्हणजे झालं!"

तोही हसला. बटणं गोळा करून झाल्यावर बोट पुन्हा पहिल्या शब्दावर ठेवलं.

त्याच्या पाळीच्या दिवशी तो उभा राहिला. पहिली ओळ निघाली. दुसरीत "थकलेल्याला" म्हणून अडकला. कोपऱ्यातून कुणीतरी शब्द पुरवला. भोंग्याने पंजा वर केला. कपाळावरून घाम ओघळत होता, ओठ हलत होते.

"वाट," तो म्हणाला. "वाट द्या."

दोन ओळींना पाव तास लागला. दमून तो खाली बसला. बाईंनी ग्रंथ जवळ घेतला. "उरलेल्या चार मी वाचते."

"थांबा बाई," बायको म्हणाली. "पाळी यांची आहे. उरलेलं पुढच्या रविवारी वाचतील."

"अशाने ग्रंथ कधी संपायचा?"

"संपवून कुठे गाडी पकडायचीय?" मंडळींतल्या धोबीणआजी म्हणाल्या.

बाईंनी त्या दोन ओळींवरून बोट फिरवलं. "तीस वर्षं घडाघडा वाचतेय मी हे," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा ऐकलं." मग त्यांनी वही उघडली आणि पुढच्या पाळीवाल्याला एक आठवडा पुढे ढकललं.

पुढच्या रविवारी भोंग्याच्या तीन ओळी झाल्या. शेवटच्या ओळीला त्याने आणखी एक रविवार घेतला.