पत्तेवाल्या बाई

बाइंडरने सही केली ती कागद आवडला म्हणून. दुसऱ्या कुणाला हे सांगून पटणार नाही, पण त्याच्या बायकोला पटलं, कारण गेली तीस वर्षं ती या माणसाबरोबर संसार करत होती.

घरमालकांचा पुतण्या आला तेव्हा ती नेमकी भाजी आणायला गेली होती. बाइंडर पुस्तकं दाबायच्या लोखंडी शिकंज्याशी खटपट करत बसला होता. त्याने हात पुसले, पुतण्याने पुढे केलेला कागद उजेडाकडे धरला, कोपरा दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाला, "वा. असा कागद हल्ली बघायला मिळत नाही." आणि केली सही. हजारो पुस्तकं त्याच्या हाताखालून गेली होती, पण त्यातलं एकही त्याने वाचलं नव्हतं. वाचत बसलो तर शिवायचं कधी, असं त्याचं म्हणणं.

त्याच्या बायकोला सगळी गल्ली बाइंडरीण म्हणायची. तिला ते आवडायचं. ती पिशवी घेऊन वर आली तर नवरा खुशीत.

"घरमालकांचा पुतण्या येऊन गेला. फार चांगला मुलगा आहे."

"कशाला आला होता?"

"डागडुजी काढणार आहेत म्हणे इमारतीची. त्याच्या कागदावर सही दिली. एक प्रत ठेवलीय बघ. हात फिरवून बघ जरा."

बाइंडरिणीने हात फिरवला नाही, वाचलं. पहिलीच ओळ तिने मोठ्याने म्हटली. "'आम्ही आमची राहती जागा राजीखुशीने कायमची सोडत आहोत.' अहो, यात राजी कोण आणि खुशी कोण?"

"कायमची? तो तर म्हणाला, काम होईपर्यंत."

"म्हणेल नाहीतर काय. आणि खाली 'नवीन पत्ता' म्हणून माझ्या बहिणीचा पत्ता कसा?"

"त्याने विचारलं, कुठे सोय होईल का. मी म्हटलं, साडूभाऊ आहेत आमचे. त्याने लगेच लिहून घेतलं. अक्षर छान आहे त्याचं."

बाइंडरीण खुर्चीवर बसली. दोन खोल्या होत्या त्यांच्या, सव्वीस वर्षांपासूनच्या. बाहेरच्या खोलीत उत्तरेची खिडकी, तिच्याखाली शिलाईची चौकट, कोपऱ्यात खळीचं भांडं आणि मधोमध तो शिकंजा. त्याच्या चार पायांनी फरशीत चार खळगे पाडले होते. केर काढताना तिचा झाडू त्या खळग्यांत अडायचा आणि ती रोज नवऱ्याला बोलायची. आता तेच खळगे तिला दिसेनात, डोळे भरून आले होते.

"झालं. आपला पत्ता कट," ती म्हणाली.

बाइंडरला तेव्हा कुठे काय झालंय ते कळलं. त्याने कागद पुन्हा हातात घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला चांगल्या कागदाचा राग आला.

तळमजल्यावर चष्मेवाला होता, त्याच इमारतीत भाड्याने राहणारा. बाइंडरीण तणतणत त्याच्याकडे गेली. त्याने कागद नाकाशी धरून वाचला आणि शांतपणे म्हणाला, "वहिनी, पालिकेत जा. पत्तेवाल्या बाईंना भेटा."

"माझं घर चाललंय, आणि तुम्ही मला पत्ते कुटायला पाठवताय?"

"तसले पत्ते नव्हेत हो. राहायचे पत्ते."

मग त्याने सांगितलं ते असं. काही वर्षांपूर्वी पलीकडचा अख्खा रस्ता असाच राजीखुशीने रिकामा झाला होता. पुढे त्यातली निम्मी माणसं कुणाच्या गोदामात, कुणाच्या जिन्याखाली सापडली. तेव्हा पालिकेने नियम केला की भाडेकरूने जागा सोडल्याचा कागद नुसत्या सहीने खरा होत नाही. तो पालिकेच्या भाडेकरू कक्षात द्यायचा, कक्षातल्या माणसाने नवीन पत्त्यावर स्वतः जाऊन बघायचं, आणि तिथे खरोखर राहता येत असेल तरच शिक्का मारायचा. शिक्का नाही तर कागद रद्दी.

पालिकेला शिव्या घालायला आपण सगळे एका पायावर तयार असतो, त्यात बाइंडरीण सगळ्यांत पुढे. रस्त्यावर खड्डा दिसला की ती थांबून चार शब्द बोलल्याशिवाय पुढे जायची नाही. पण हा नियम ज्या कुणी केला, त्याने डोकं ठिकाणावर ठेवून केला होता, हे तिला तिथल्या तिथे मान्य करावं लागलं.

भाडेकरू कक्ष म्हणजे लांब बोळाच्या टोकाला एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचं एक कपाट. टेबलामागे पन्नाशीच्या बाई. पायात कापडी बूट, चालून चालून टाचा झिजलेल्या. टेबलावर फुलं नाहीत, फोटो नाही, फक्त एक मोजपट्टी. पुतण्याने कागद आधीच आणून दिलेला होता.

"उद्या दुपारी येते नवीन पत्ता बघायला," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना तिथे असू द्या."

"बाई, सही चुकून झाली हो यांची."

"सगळ्यांची चुकूनच होते, काकू. चुकून झाली की मनापासून, ते मला कळायला मार्ग नाही. जागा आहे की नाही, ते मात्र कळतं."

"आणि बहीण हो म्हणाली तर?"

"तिने घरात ठेवून घ्यायला हो म्हटलं पाहिजे, हा एक भाग. आणि प्रत्येकाला पाय पसरून निजता आलं पाहिजे, हा दुसरा. दोन्ही जमलं तर मला शिक्का मारावाच लागेल. नियम दोन्हीकडून पाळायचा असतो."

बाइंडरिणीने मनाशी ठरवलं की बहिणीला आजच सांगून ठेवायचं, उद्या सरळ नाही म्हण. सोपं होतं. ती तशीच धाकटीकडे गेली. धाकटीचा नवरा बस चालवायचा. एक खोली, एक स्वयंपाकघर, त्यात सासू आणि दोन मुली. दार उघडल्या उघडल्या धाकटीने तिचा हात धरून आत ओढलं.

"ताई, तुझ्या घरमालकांचा पुतण्या येऊन गेला सकाळी. सगळं सांगितलं त्याने. तू काही काळजी करू नकोस. हे बघ." तिने कपाट उघडून दाखवलं. मधला कप्पा रिकामा होता, पुसून स्वच्छ केलेला, वर कोरा कागद अंथरलेला. "तुझ्या साड्यांना. मुलींचे कपडे मी खोक्यात घातले."

पुतण्याच्या जिभेवर किती साखर होती ते बाइंडरिणीला त्या दिवशी समजलं. आणि आपल्या बहिणीसारखी बहीण दुसरी नाही, हेही समजलं. आता या बाईला कुठल्या तोंडाने सांगायचं की उद्या मला नको म्हण? तिने चहा घेतला, "बरं केलंस गं," म्हणाली आणि परत आली. रात्रभर नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई धाकटीकडे आल्या. पायी आल्या. पुतण्या आधीच येऊन उभा होता, इस्त्रीच्या कपड्यांत.

"यांना तुमच्याकडे ठेवून घ्याल?" बाईंनी धाकटीला विचारलं.

"हे काय विचारणं झालं? सख्खी बहीण आहे माझी. जन्मभर ठेवीन."

पुतण्या हसला. बाईंनी कागदावर एक खूण केली, मग मोजपट्टीने खोली मोजली, कपाटं मोजली, सासूबाईंची खाट मोजली. आणि वही मिटून म्हणाल्या, "आता सगळ्यांनी निजा."

"म्हणजे?" पुतण्याने विचारलं.

"म्हणजे निजा. रात्री जसे निजता तसे. आकड्यांत माणसं मावतात हो, जमिनीवर मावली पाहिजेत."

सासूबाई खाटेवरच होत्या, त्यांनी फक्त कूस बदलली आणि जाहीर केलं, "मी सरकणार नाही. आधीच सांगते." धाकटीने अंथरुणं घातली. दोन मुली भिंतीकडे, त्यांना ही मोठीच गंमत होती. मग धाकटी, मग तिचा नवरा. तो पहाटेची पाळी करून आलेला, डोकं टेकलं तसा खरोखरच झोपला आणि घोरायला लागला. त्याच्या पुढे बाइंडरीण एका अंगावर निजली, तिचं नाक कपाटाच्या दाराला लागलं.

उरला बाइंडर. तो माणूस उंच. स्वयंपाकघरात पाण्याचं पिंप, उंबऱ्याशी चपलांचा ढीग. तो इकडे निजून बघतो, तिकडे बघतो, कुठे सासूबाईंची काठी, कुठे साडूचं ढोपर. शेवटी दारात आडवा झाला. डोकं आणि पोट घरात, गुडघ्यापासून खालचं सगळं बाहेर गॅलरीत. शेजारची बाई धुण्याची बादली घेऊन आली, क्षणभर थांबली, "जरा हं," म्हणाली आणि त्याचे पाय ओलांडून गेली.

"पाय आखडून घेता येतील की काकांना," पुतण्या म्हणाला.

"जरूर," बाई म्हणाल्या. "तुम्ही निजून दाखवा बरं तिथे पाय आखडून. मी घड्याळ लावते. अर्धा तास पुरे."

पुतण्याने आपल्या इस्त्रीच्या विजारीकडे पाहिलं.

"आणि काका, तुमच्या कामाचा तो शिकंजा कुठे ठेवणार?"

बाइंडरने दारातूनच मान उचलून खोलीत पाहिलं. "माझ्या छातीवर," तो म्हणाला. मुली फिदीफिदी हसल्या. धाकटी मात्र उठून बसली, तिचे डोळे भरले होते.

"बाई, असं लिहू नका. मी एका अंगावर निजेन. मुली आत ओट्याखाली निजतील. ताईला मी रस्त्यावर नाही जाऊ देणार."

"ताई, तुमच्या मनात किती जागा आहे ते दिसतंय मला," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "पण माझ्या फॉर्मात त्याला रकाना नाही. रकाना आहे तो फक्त जमिनीचा."

आता मात्र बाइंडरिणीला राहवेना. कपाटाला नाक लावूनच ती बोलली, कारण बहिणीकडे बघून तिला हे बोलता आलं नसतं. "अगं, मला नाही यायचं तुझ्याकडे. तुझ्याकडे नाही आणि कुठेच नाही. मला माझं घर हवंय. ते मोडकं असेना का, त्या फरशीत खळगे असेनात का. मला तिथेच राहायचंय."

घोरणाऱ्या नवऱ्यावरून वाकून धाकटी म्हणाली, "मग काल का नाही बोललीस? कप्पा रिकामा करताना माझी कंबर मोडली." आणि दोघी बहिणी जागच्या जागी रडायला आणि हसायला लागल्या. रडणं कुठलं आणि हसणं कुठलं, ते सांगणं कठीण होतं.

बाई उभ्या उभ्याच लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी पुतण्याला सांगितलं, "डागडुजी करायची तर एकेक मजला करा. त्यासाठी माणसं हलवायची असतील तर राहण्यासारखी तात्पुरती जागा तुम्ही द्यायची, आणि त्याच खोलीत परत आणायचं, हे आधी लिहून माझ्याकडे आणायचं. तोपर्यंत यांना कुणी जागा सोडा म्हणायचं नाही. कळलं ना?" आवाज चढला नव्हता, कपाळावर आठी नव्हती. पुतण्याने मान डोलावली आणि तो बाइंडरचे पाय ओलांडून निघून गेला.

पडल्या पडल्या बाइंडरीण त्या झिजलेल्या कापडी बुटांकडे बघत होती. ही बाई अशी रोज चालते, तिच्या मनात आलं. परक्यांच्या घरात जाते, माणसांना निजायला लावते आणि पाय बाहेर राहतात का ते बघते. कुणी सत्कार करत नाही, कुणाला नाव ठाऊक नाही. खड्डे बुजत नसतील या पालिकेकडून, पण अशी एक बाई त्या बोळाच्या टोकाला बसवली, एवढ्यावर तिने पालिकेला पुढच्या वर्षभराचे खड्डे माफ करून टाकले.

बाईंनी कागदाची एक प्रत बाइंडरच्या हातात दिली. तो उंबऱ्यात उठून बसला. सवयीने त्याने कागद उजेडाकडे धरला, कोपरा बोटांत चोळला आणि तोंड वाकडं केलं.

"बाई, राग मानू नका, पण कागद अगदीच भिकार आहे."

"पालिकेचा आहे, काका. पण वाचा तर."

"वाचा," बाइंडरीणही आतून म्हणाली. "मोठ्याने वाचा. या वेळी शेवटपर्यंत."

बाइंडरने चष्मा चढवला. शब्दाखाली बोट धरून, शाळेतल्यासारखं, तो हळूहळू वाचत गेला. भाडेकरूचं नाव, खोलीचं माप, हजर माणसं सात, पैकी एकाचे पाय घराबाहेर. मग पुढच्या रकान्याशी त्याचं बोट थांबलं. तिथे धाकटीचा पत्ता खोडलेला होता. त्याने एकदा मनात वाचलं, आणि मग खाकरून मोठ्याने वाचलं.

"नवीन पत्ता: जुनाच."

"पुन्हा वाचा," बाइंडरीण म्हणाली.

त्याने पुन्हा वाचलं.