चौथ्या प्रश्नापाशी

सप्टेंबरातला तो गुरुवार इतर गुरुवारांसारखाच होता. ओहोटी लागली होती, खाजणातून चिखलाचा वास येत होता आणि एव्हलिना चिझम मागच्या पायरीवर बसून कालवं फोडत होती. वय एकाहत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा, पण हात अजून चपळ. दोन खोल्यांचं लाकडी घर, मागे भेंडीचे वाफे, पलीकडे अक्रोडासारख्या पेकनची तीन झाडं आणि अगदी पाण्याच्या काठाशी घराण्यातल्या माणसांच्या कबरी. अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळच्या टाल्बर्ट बेटावरची ही अकरा एकर जमीन तिच्या पणजोबांनी, केटो चिझम यांनी, गुलामगिरी संपल्यावर दुसऱ्यांचा कापूस वेचून घेतली होती. ते जाऊन नव्वद वर्षं झाली, पण खरेदीखतावर अजून त्यांचंच नाव होतं.

आठवड्यापूर्वी कोणीतरी खाजणाच्या कडेने नारिंगी फितींच्या मोजणीच्या खुंट्या ठोकून गेलं होतं. एव्हलिनाने त्यातल्या दोन उपटून भेंडीला आधार म्हणून लावल्या होत्या. बाकीच्या वाऱ्यावर फडफडत होत्या.

दुपारी शेरीफच्या कचेरीतला माणूस आला. बेटावरचाच मुलगा, त्यामुळे त्याची नजर वर उठत नव्हती.

"मिस एव्हलिना, हे कोर्टाचे कागद. वाचा बरं का नीट. उत्तर द्यायला तीस दिवस आहेत."

"तुझी आई कशी आहे रे?"

"बरी आहे."

"मग तिला ही कालवं घेऊन जा. आणि तोंड असं पाडू नकोस, कागद काही तू लिहिलेला नाहीस."

कागद साधा होता. फिलाडेल्फियातला चुलत भाऊ आयझॅया, ज्याने बेटाच्या मातीला कधी पाय लावला नव्हता, त्याने आपला छत्तिसावा हिस्सा एका कंपनीला विकला होता. आता कंपनी भावकीतलीच एक झाली होती, आणि भावकीतल्या कोणालाही कोर्टाकडे मागता येतं की वाटण्या होण्यासारख्या नाहीत, सबब सगळीच जमीन लिलावात काढा. कायदा सुधारण्याआधीची ही गोष्ट. वाचकहो, यात चोरी नाही, दरोडा नाही, खोटी सही नाही. सगळं कायद्याला धरून होतं, आणि मला भीती वाटते ती याचीच.

केटो चिझम यांनी मृत्युपत्र का केलं नाही, म्हणजे जमीन सगळ्या वारसांत अशी सामाईक राहिली नसती, असं तुम्ही विचाराल. बेटावर ते करत नाहीत. मृत्युपत्र लिहिणं म्हणजे मरणाला आवतण देणं, अशी जुनी समजूत आहे. तिच्या मुळाशी दुसरी एक भीती आहे, आणि ती खोटी म्हणवत नाही. कचेरीत गेलेला आपला माणूस काहीतरी घालवूनच परत येतो, हे इथे चार पिढ्यांनी पाहिलेलं आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे इथल्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. या शहाणपणापायी दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची किती घरं गेली, त्याची मोजदाद नाही.

रविवारी चर्च सुटल्यावर भाची जेवायला आली. रोनेट चिझम, एव्हलिनाच्या धाकट्या भावाची मुलगी. आईबाप लवकर गेले, म्हणून याच घरात वाढलेली. ती शहरातल्या मोफत कायदेमदत कार्यालयात होती. वकील नव्हे. नव्या तंत्रज्ञानासाठी निधी मागणारे अर्ज लिहिणं हे तिचं काम. पूर्वी तिथला फोन चाळीस-चाळीस मिनिटं नुसता वाजत राहायचा आणि गरीब माणूस कंटाळून ठेवून द्यायचा. तीन वर्षांपूर्वी रोनेटच्या अर्जाला यश आलं आणि वेबसाइट उभी राहिली. कोणीही फोनवरून, नाहीतर वाचनालयातून आपली अडचण भरावी आणि ती योग्य वकिलाकडे जावी. अकरा जिल्ह्यांतल्या लोकांना तिचा उपयोग झाला हे खरंच आहे.

लाल भात वाढता वाढता एव्हलिनाने कागद पुढे सरकवला. "हे तुझ्या साहेबांना दाखव गं."

रोनेटने हात मागे घेतला. "आत्या, मला दाखवूच नकोस. नात्यातलं काम मी आत नेलं तर उद्या लोक म्हणतील, चिझमांना मागचं दार उघडं आहे. आपल्या साइटवर भर. दहा प्रश्न, चार मिनिटांचं काम. वकील स्वतःहून फोन करेल."

"तू समोर बसलीयस, आणि मी यंत्राला जाऊन सांगू?"

"यंत्र नाही ते, मीच आहे समज. सगळे प्रश्न मी लिहिलेत. आणि एक, त्यानंतर घरात या केसचं नाव काढायचं नाही. नियम आहे तसा."

"शिकून मोठी झालीस बाई. आता आत्याशी बोलायलाही नियम." एव्हलिना हसली. "बरं, नाही काढत. कोळंबी घे अजून, हाडं दिसायला लागलीत तुझी."

नियम चांगला होता, रोनेटही प्रामाणिक होती. वशिल्याने बरबटलेल्या जगात असा नियम पाळणारी माणसं हवीतच. पण चांगला नियमही कधी कधी गळ्याभोवती आवळला जातो, आणि आवळला जाताना त्याचा आवाज होत नाही.

मंगळवारी एव्हलिना वाचनालयात गेली. नाव झालं, पत्ता झाला. हकिगत तिने दोन बोटांनी हळूहळू टाइप केली. चौथा प्रश्न आला: "जमीन किंवा घर तुमच्या नावावर आहे का?" खाली दोनच चौकोन, हो आणि नाही.

जमीन तिची होती, पण नावावर? नाव तर केटो चिझम यांचं. चाळीस वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी बाई कोर्टाच्या कामात खोटं कसं लिहिणार? तिने 'नाही' दाबलं. पुढे विचारलं, तुम्ही भाडेकरू आहात का? तिने पुन्हा 'नाही' दाबलं. सहावा प्रश्न आलाच नाही. "धन्यवाद. तुमच्या उत्तरांनुसार हा विषय आमच्या सेवेत बसत नाही. उपयुक्त माहिती खाली दिली आहे." खाली घरमालकाकडून अनामत रक्कम परत कशी मागावी, याचं पत्रक होतं.

"झालं का, मिस एव्हलिना?" वाचनालयातल्या बाईंनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. पत्रकाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली.

त्यानंतर तीन रविवार गेले. रोनेट जेवायला येई, आत्या केसचं नाव काढत नसे, आणि सगळं मार्गी लागलंय अशी रोनेटची खात्री होई. आत्याच्या मनात वेगळंच होतं. पोरीच्या हातात नसेल, नाही म्हणताना तिला किती जड गेलं असेल, आता विषय काढून तिला कशाला लाजवायचं? दोघी एकमेकींना जपत होत्या आणि तीस दिवस सरत होते. खाजणाकडे नारिंगी खुंट्या वाढल्या. स्वच्छ बूट घातलेला एक माणूस येऊन कबरींचे फोटो काढून गेला. एव्हलिनाने त्याला पाणी विचारलं, तो नको म्हणाला. एकतिसावा दिवस उगवला त्या सकाळी ती भेंडीला पाणी घालत होती.

नोव्हेंबरात कार्यालयात नव्या निधीच्या अर्जाची गडबड सुरू झाली. संचालक होल्कोम्बबाईंनी पहिल्याच पानावर वाक्य घातलं होतं, 'अकरा हजार लोकांना मदत.' रोनेटला त्यातली एखादी चांगली हकिगत हवी होती, म्हणून तिने त्या अकरा हजारांची यादी काढली; कोण कुठल्या प्रश्नावर थांबलं तेही तिच्यात होतं. चौथ्या प्रश्नापाशी 'नाही' म्हणून सहाशे बारा माणसं बाहेर पडली होती. एवढी? ती एकेक हकिगत उघडून वाचू लागली. आजोबांची जमीन. आईच्या आईचं घर. सगळ्या भावंडांचं शेत. दोनशे चाळिसाव्या जागी हे होतं:

"माझं नाव एव्हलिना चिझम. जमीन माझी एकटीची नाही, आम्हा सगळ्यांची आहे, मेलेल्यांचीसुद्धा. कंपनी ती विकायला निघाली आहे. माझी भाची तुमच्याकडेच काम करते, पण कृपा करून तिला त्रास देऊ नका."

समोरच्या रकान्यात यंत्राने शेरा मारला होता, 'मदत दिली.'

रोनेटने फॉर्मचे जुने मसुदे काढले. पहिल्या मसुद्यात तिने तिसरा चौकोन ठेवला होता, 'कुटुंबाची सामाईक जमीन.' तो ठेवला की पुढे पाच प्रश्न वाढत होते, आणि निधी देणाऱ्या मंडळाला चार मिनिटांत संपणारा फॉर्म हवा होता. तो चौकोन काढला कोणी? तिनेच. जिचं सगळं बालपण अशाच जमिनीवर गेलं, तिने.

ती भरदुपारी बेटावर पोचली. एव्हलिना घेवड्याच्या शेंगा निवडत होती.

"आत्या, मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तू नाही म्हणालीस ना."

"मी? मी कधी म्हणाले?"

"तूच तर म्हणाली होतीस, यंत्र नाही, मीच आहे समज." आत्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मी म्हटलं, पोरीचा नाइलाज असेल."

दुसऱ्याच दिवशी कार्यालयाचा वकील कोर्टात उभा राहिला. न्यायाधीश सौजन्याने बोलले. कागद हातात पोचले होते, मुदत दिली होती, कोणी उत्तर दिलं नाही, आता माझे हात बांधलेले आहेत. डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला. सात मिनिटं लागली. दुसरा कोणी बोली लावायला नव्हता, जमीन त्याच कंपनीला गेली. कबरींना भेटता येईल, मात्र आधी फोन करून वेळ ठरवावी लागेल, असं कंपनीच्या माणसाने सांगितलं. रोनेटच्या दंडाला धरून एव्हलिना पायऱ्या उतरली, गुडघा दुखत होता म्हणून एकेक करून.

त्याच आठवड्यात अर्जाची मुदत होती. रोनेटने पहिलं पान नव्याने लिहिलं. 'सहाशे बारा लोकांना आम्ही दारातून परत पाठवलं आणि नोंद केली की मदत दिली. चूक आमची आहे. ती सुधारायला आणि यातल्या प्रत्येकाला शोधून काढायला आम्हाला निधी हवा आहे.'

होल्कोम्बबाईंनी ते दोनदा वाचलं. "सगळेच असं मोजतात, रोनेट. हा निधी गेला तर साइट बंद पडेल. फोन पुन्हा चाळीस मिनिटं वाजत राहील. त्या लोकांचं काय?"

"त्यांचा विचार करूनच तो चौकोन मी काढला होता, बाई."

होल्कोम्बबाई वाईट नव्हत्या. त्यांनी सही केली.

एव्हलिना आता रोनेटच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात राहते. नुसतं बसवेना, म्हणून जानेवारीपासून ती रोनेटबरोबर कार्यालयात येऊ लागली. रीतसर स्वयंसेविका म्हणून नाव नोंदवलं, आणि त्या यादीतल्या लोकांना ती फोन लावते. अनोळखी वकिलाचा फोन किनाऱ्यावरची माणसं उचलत नाहीत, आणि उचलला तर खरं सांगत नाहीत. मिस एव्हलिनाशी मात्र बोलतात. "कागद आलाय का? कधी आला? तारीख वाच बघू. अरे, मृत्युपत्र केल्याने कोणी मरत नाही, मी केलं परवा, बघ, अजून तुझ्याशी भांडतेय." मार्चपर्यंत तिने एकशे नव्वद जणांना गाठलं. त्यातल्या एकतीस जणांची जमीन आधीच गेली होती. नऊ जणांची मुदत अजून उरली होती.

त्या मार्चमधल्याच एका सकाळी निधी मंडळातून फोन आला. पलीकडच्या बाई गोड बोलत होत्या. "अर्ज आम्हा सगळ्यांना आवडला. एकच अडचण आहे. त्या सहाशे बारा लोकांना माहितीपत्रक मिळालं होतं ना? आमच्या व्याख्येत ती मदतच. 'परत पाठवलं' हे शब्द तेवढे काढा, आकडा पहिल्यासारखा ठेवा. नाहीतर मागच्या निधीचीही चौकशी लागेल, आणि ती तुम्हाला परवडणार नाही. आज पाचपर्यंत पाठवा."

रोनेटने समोर पाहिलं. आत्या चष्मा नाकावर घेऊन यादीतल्या पुढच्या नावावर बोट ठेवत होती.

"त्यांच्यापैकी एक बाई इथे माझ्यासमोर बसल्या आहेत," रोनेट म्हणाली. "त्यांना मदत मिळाली, हे तुम्हीच त्यांना सांगा. त्यांनी हो म्हटलं तर मी शब्द काढते."

तिने फोन आत्याकडे दिला. एव्हलिनाने तो दोन्ही हातांत धरून कानाला लावला.

"मी एव्हलिना चिझम. बोला बाई, मला काय मिळालं?"

पलीकडून कागद सरकल्याचा आवाज आला.

"सावकाश सांगा," एव्हलिना म्हणाली. "मला घाई नाही. घरी जाऊन वाफ्यांना पाणी घालायचं होतं, ते काम आता राहिलेलं नाही."