पोटाची वादी

मोट ओढायचा कातडी नाडा उकंडरावानं स्वतःच्या हातानं विणला होता, आणि त्यातली एक वादी खोटी होती. ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती. आता त्याच नाड्याचा फास कमरेला अडकवून त्याचा धाकटा भाऊ भाऊराव विहिरीच्या काठावर उभा होता.

"तागाचा दोर घे ना," उकंडराव म्हणाला. "घरी पडला हाये."

"काऊन? तुह्या नाड्याले काय झालं?" भाऊराव हसला. "चार महिने मी तुले बोललो. पाटलाचा लेक कातडं कापून राह्यला म्हणून गावात तोंड लपवत फिरलो. आज पहिल्यांदा मीच उतरतो याच्यावर. पाहू दे लोकाइले."

धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतरत्या वाटेवर, पाच जण नाडा धरून उभे होते. सगळ्यात पुढं महादेवराव, नात्यानं चुलता लागणारा, आडव्या अंगाचा. त्याच्यामागं तिघं. सगळ्यात शेवटी उकंडराव. नाडा या पाच जणांच्या हातांतून मोटेच्या चाकावरून विहिरीत जात होता. डोणगावच्या शिवारातली ही विहीर दोघा भावांच्या सामाईकीतली. वैशाखात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा, हे दरसालचं काम.

"सोडा," भाऊराव म्हणाला आणि आत लटकला. चाक कुरकुरलं.

निंबाखाली गावाच्या मोटा शिवणारा कडूबा फाटलेली मोट घेऊन बसला होता. त्यानं मान वर करून एकदा नाड्याकडं पाहिलं आणि परत आरी चालवू लागला. त्याचा उकंडरावाच्या हातावर विश्वास होता. त्यानंच तर त्याला नाडा विणायला शिकवलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात उकंडरावाची बायको अन्नपूर्णाबाई तीन दिवसांच्या तापानं गेली. लेक देऊळगाव राजाला दिलेली, ती तेराव्यापर्यंत राहिली आणि सासरी गेली. त्यानंतर एक दिवस मोट शिवायला टाकायला म्हणून उकंडराव कडूबाच्या ओट्यावर गेला आणि तिथंच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी परत गेला. आठवड्यानं कडूबानं त्याच्या हातात कातडं कापायची रापी दिली. भिजवलेलं म्हशीचं कातडं कडेनं गोल गोल कापत आत यायचं, म्हणजे एकच लांब वादी निघते. ती दगडाखाली ताणायची, ओली असतानाच विणायची, सावलीत वाळवायची. उकंडरावाला पोटापाण्यासाठी यातलं काहीच करायची गरज नव्हती. पण हात वादीत गुंतले की दिवस सरायचा.

कडूबाचा एकच नियम होता. नाड्याला पाठीचं कातडं. पोटाचं कातडं वहाणेच्या अस्तराला चालतं, नाड्याला नाही. पाठीचं ओढ सोसतं, पोटाचं ओढीनं लांबतं. चार पदरांतला एक लांबला की बाकीच्या तिघांवर भार पडतो, मग वीण सरकते, मग नाडा जातो. आणि एकदा वाळून वरून तेल लागलं की पाठ कोणती, पोट कोणतं, हे शिवणाऱ्यालाही ओळखू येत नाही.

फाल्गुनात नाडा संपत आला तेव्हा चौथ्या पदराला दहा हात कातडं कमी पडलं. कडूबा मेहकरच्या बाजाराला गेलेला. कोपऱ्यात पोटाचा तुकडा पडला होता. उकंडरावानं तोच कापला, जोडला आणि विणून टाकला. कडूबानं परत आल्यावर विचारलं, "पाटील, पाठीचंच लावलं ना?" उकंडराव म्हणाला, "हाव."

तेव्हापासून तो मनाशी एकच हिशेब करत आला होता. नाडा पन्नास हातांचा. गाळाला पाय टेकायला पस्तीस हात लागतात. खोटे दहा हात शेवटचे. ते कधी पुढं जाणारच नाहीत.

"तीस झाले," महादेवराव म्हणाला. घामानं त्याची पैरण पाठीला चिकटली होती. "भाऊराव, टेकले का पाय?"

"नाही! सोडा!"

पस्तीस झाले. खोट्या वादीच्या जोडाची गाठ उकंडरावाच्या अंगठ्याखाली आली. वरून ती दिसत नव्हती, पण त्याला ती अंधारातही सापडली असती.

"टेकले का?"

"कुठी टेकतात!" विहिरीतून आवाज घुमत आला. "पाणी आटलं, गाळ खाली बसला यंदा. अजून सोडा, आठ-दहा हात!"

उकंडरावानं मूठ आवळली.

"ढील द्या ना, उकंडराव," पुढचा म्हणाला. "काय झोपले का?"

मूठ सैल झाली. का झाली, हे त्याला पुढंही कधी सांगता आलं नाही. गाठ त्याच्या हातातून सरकली, पुढच्याच्या हातात गेली. मग त्याच्या पुढच्याच्या. नाडा अजून पाच जण मिळून धरून होते, भार वाटला जात होता. पण गाठ महादेवरावाच्या मुठीपुढं गेली, की मूठ आणि चाक यांच्यामधल्या त्या चार पदरांवर एकट्या भाऊरावाचं सगळं वजन येणार होतं. गाठ आणखी एक हात सरकली. दीड हात. महादेवरावाचा डावा हात गाठीवर पडला.

"थांबा!" उकंडराव ओरडला. "सोडू नका! ओढा मागं! ओढा!"

"काय झालं बे?" महादेवराव दचकला, पण मूठ सोडली नाही.

"ओढा म्हणतो ना! नाडा खोटा हाये!"

पाचही जण मागं झुकले. भाऊराव खालून ओरडत होता, "साप हाये का? अरे, साप हाये का कुठी?" हात मोजणं थांबलं होतं, फक्त चाकाचा आवाज येत होता. शेवटी भाऊरावाचं मुंडासं काठावर दिसलं. दोघांनी त्याला बखोटीला धरून बाहेर घेतलं.

"साप कुठी होता?"

"साप नाही," उकंडराव म्हणाला. "शेवटचे दहा हात पोटाचं कातडं हाये त्याच्यात. मी टाकलं. कडूबादादाले खोटं सांगतलं."

भाऊराव हळू आवाजात म्हणाला, "आन मले उतरू देलं?"

उकंडरावानं हातातला नाडा जमिनीवर ठेवला.

कडूबा आरी खाली ठेवून आला. त्यानं नाड्याचा शेवट निंबाच्या बुंध्याला बांधला, दहा हातांपलीकडं चौघांना धरायला लावलं आणि म्हणाला, "ओढा." त्यांनी ओढलं. आधी काहीच झालं नाही. महादेवराव म्हणाला, "चांगला तं हाये." दुसऱ्या हिसक्याला एक पदर ओल्या धोतरासारखा लांबत गेला, वीण उघडली, उरलेल्या तिघांतला एक कट्कन तुटला आणि चौघं एकमेकांच्या अंगावर बसले.

हसलं कोणी नाही. भाऊरावानं फक्त कमरेचा फास काढून टाकला.

"कातडं सरलं होतं तं थांबाचं होतं, पाटील," कडूबा म्हणाला. "मी संध्याकाळी येणारच होतो. काऊन नाही थांबले?"

उकंडराव म्हणाला, "थांबलो असतो तं घरी जावं लागलं असतं. दुपार होती. घरी कोणी नाही."

महादेवरावानं मान दुसरीकडं वळवली.

कडूबानं तुटलेला नाडा उचलून हातावर घेतला. "तं तसं म्हणाचं होतं," तो म्हणाला. "माह्या ओट्यावर बसाले काय कातडं लागते का? रिकामं बसाचं होतं." मग त्याचा आवाज चढला. "पण खोटं बोलले तुमी मले. हा सगळा नाडा भिजवाचा आन उसवाचा. पूर्ण. पदर न् पदर माह्यासमोर. मग पाहू तुमाले काय शिकवाचं ते."

"हाव," उकंडराव म्हणाला.

घरून तागाचा दोर आला. भाऊरावानं तो पायाखाली दाबून, ओढून, दोनदा पाहिला. मग कमरेला बांधला. उकंडराव गुपचूप धावेच्या मागच्या टोकाला जाऊ लागला.

"तिकडं नाही," भाऊराव म्हणाला. "महादेवकाका, तुमी मागं व्हा. दादाले पुढं उभं करा. काठाजवळ. मले तोंड दिसलं पाह्यजे त्याचं."

उकंडराव पुढं आला. त्यानं दोर दोन्ही मुठीत घेतला, टाचा मातीत रोवल्या. भाऊरावानं त्याच्याकडं एकदा रागानं पाहिलं आणि काठ सोडला. सगळा भार उकंडरावाच्या हातांवर आला. त्यानं श्वास घेतला आणि हातभर दोर खाली सोडला. मग आणखी हातभर.