भिंतीवरची सहा मिनिटं

पाळणाघराच्या संचालिकाबाईंनी लाल खडू उचलला तेव्हा ती अजून फाटकाची कडीच लावत होती.

“सहा वाजून चार,” भिंतीवरच्या घड्याळाकडे हनुवटी उडवत बाई म्हणाल्या, आणि दाराशेजारच्या फळ्यावर तिच्या मुलीच्या नावापुढे त्यांनी एक रेघ ओढली. फळ्याच्या माथ्यावर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, ‘उशिरा येणारे पालक’. मागे उभ्या असलेल्या दोन आया आणि एक बाप तो फळा मन लावून वाचत होते. “काय करणार, नियम सगळ्यांना सारखे.”

तिनं मुलीला कडेवर घेतलं आणि पिशवी खांद्याला अडकवली. तिच्या मनगटावर पाच अठ्ठावन्न झाले होते. ते घड्याळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता. अकरा वर्षं ती घड्याळं दुरुस्त करत होती आणि रोज सकाळी दुकानात शिरली की आधी आपलं घड्याळ रेडिओच्या वेळेशी मिळवून घेत होती.

मोबाइल पुढे करण्यात अर्थ नव्हता. मागे एका बापानं तो केला होता, तेव्हा बाईंनी गोड हसून प्रवेशअर्जातल्या नवव्या कलमावर बोट ठेवलं होतं: पाळणाघराचं घड्याळ तेच खरं. खाली त्या बापाची सही होती. तिचीही होती. प्रवेश मिळतोय म्हटल्यावर नववं कलम वाचायला कोण बसतं?

एका रेघेच्या दंडात तिची तासाभराची कमाई जायची. फी भरल्यावर तिच्या पगारातून उरायचं ते एवढंसंच, आणि त्यातूनही या रेघा. दुकान साडेपाचला बंद व्हायचं, बस तिला पाच पंचावन्नला कोपऱ्यावर सोडायची. त्याआधी पोचायचं तर उडत यावं लागलं असतं. नवरा छापखान्यात दुसऱ्या पाळीला होता, त्याचा संध्याकाळी काडीचा उपयोग नव्हता. त्यानं एकदा सरळच विचारलं होतं, “मग तू घरीच का नाही राहत दोन वर्षं? हिशेब तोच पडतो.”

“दोन वर्षांनी माझा हात राहील का?” ती म्हणाली होती. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायची तर रोज धरावी लागते. त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही, पण तिच्या मनातून तो गेलाही नाही. म्हणजे बाईंचा लाल खडू नुसता पैसे खात नव्हता. आणखी थोड्या रेघा पडल्या असत्या तर तिचं कामच गेलं असतं.

त्या दिवसापासून तिनं भिंतीवरच्या घड्याळावर डोळा ठेवला. सकाळी सोडताना आणि संध्याकाळी घेताना. सहा मिनिटं पुढे. दुसऱ्या दिवशी सहा. आठवड्यानं सहा. मध्ये एकदा ते बंद पडलं, नवा सेल घातला गेला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा नेमकी सहा मिनिटं पुढे. तेव्हा तिला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. बिघडलेलं घड्याळ रोज थोडं थोडं पळतं नाहीतर मागे पडतं. जे रोज तेवढंच पुढे असतं, ते बिघडलेलं नसतं. त्याला कुणीतरी हातानं पुढे नेऊन ठेवलेलं असतं.

कुणाच्या हातानं, हे विचारायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही. खडू ज्याच्या हातात, घड्याळही त्याच्याच.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. एवढी छान गोष्ट लगेच सांगून टाकायची नसते. उरलेले दिवस तिनं अगदी मजेत काढले. बाई खडू उचलायच्या आणि ती नम्रपणे म्हणायची, “हो, माझंच चुकलं.” बाई मान डोलवायच्या. ती मनात म्हणायची, डोलव बाई, डोलव. दुकानात भिंगाला डोळा लावून बसली असतानाही ती मध्येच हसायची. मालक काका एकदा म्हणालेच,

“कुणाचा काटा काढतेयस गं?”

“घड्याळाचाच, काका.”

“तोंडावरून तरी वाटत नाही.”

पालकसभा शनिवारी दुपारी होती. मुलांच्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसली होती. भिंतीपाशी मावशी उभी होती. पाळणाघरातली सगळी मुलं तिला मावशी म्हणायची, म्हणून पालकही म्हणायचे. पंचविशीतली असेल-नसेल, पण दिवसभर बारा मुलं सांभाळून तिचे डोळे कायम अर्धे मिटलेले असायचे. ती सगळ्यांना पाणी देत होती. बाईंनी नव्या रंगकामाबद्दल सांगितलं, खेळण्यांबद्दल सांगितलं, मग पुढच्या वर्षीच्या वाढीव फीबद्दल जरा घाईनं सांगितलं आणि विचारलं, “कुणाला काही शंका?”

ती उठली. आपली छोटी खुर्ची उचलून तिनं भिंतीशी नेली, तिच्यावर चढली आणि घड्याळ खाली उतरवलं.

“अहो, हे काय?” बाई म्हणाल्या.

“शंकाच विचारतेय.”

तिनं ते टेबलावर पालथं घातलं, मागचं झाकण काढलं आणि दुकानात गिऱ्हाइकाला समजावते तशा शांत आवाजात सगळं समजावलं. हा सेल. हे यंत्र, नवंकोरं, एका सेकंदाची चूक नाही. ही वेळ लावायची कळ. ही आपोआप फिरत नाही. तीन आठवडे मी बघतेय, सहा मिनिटांची पाच झाली नाहीत की सात झाली नाहीत. मग तिनं सगळ्यांना आपापले मोबाइल काढायला लावले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, कुजबुजीचा गलका झाला. नवव्या कलमाचा मार खाल्लेला तो बाप उभा राहून म्हणाला, “म्हणजे वर्षभर आमचे खिसे कापले यांनी!”

बाईंचा चेहरा उतरला होता. तिनं तो डोळे भरून बघितला. आयुष्यात फार थोड्या गोष्टी तिला इतक्या गोड लागल्या होत्या. फळ्यावरची एकेक रेघ वसूल होत होती.

“मला विचारायचं एवढंच आहे,” ती म्हणाली, “की ही कळ कुणी फिरवली?”

“मी,” मावशी म्हणाली.

हातातला पाण्याचा जग तिनं खाली ठेवला होता. सगळे तिच्याकडे वळले तसे तिनं हात ओढणीला पुसले.

“मी केलं ते. बाईंना माहीत नव्हतं. माझी पोर कामगारांच्या पाळणाघरात असते, नदीपलीकडे. तिथं साडेसहाला दार लावतात. घ्यायला कुणी आलं नाही तर पोरांना बाहेर पायरीवर बसवतात. सहा पाचची बस मिळाली तरच मी पोचते. इथं लोक सहा दहा, सव्वासहापर्यंत यायचे. तीनदा ती पायरीवर बसलेली सापडली मला, एकटीच. म्हणून मी काटा पुढे केला. लोक लवकर यायला लागले. ते रेघांचं…” ती थांबली. “ते बाईंनी नंतर सुरू केलं. मग मला मागे घ्यायला भीती वाटली, सेल बदलला तेव्हाही तेवढाच पुढे ठेवला.”

कुणीतरी मागून विचारलं, “मग पोरीला इथंच का नाही ठेवलंत?”

“इथली फी माझ्या पगाराहून जास्त आहे,” मावशी म्हणाली. तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. कुणी पत्ता विचारला तर सांगावा तसं सांगितलं होतं.

 आणि तेवढ्यात बाईंच्या चेहऱ्यावर रंग परत येताना तिला स्पष्ट दिसला.

“पालकहो,” बाई उठून म्हणाल्या, “मला तर धक्काच बसलाय.”

“तुम्हाला मोबाइल दाखवले होते लोकांनी,” ती घाईनं म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं घड्याळ पुढे आहे. दंड तर तुम्हीच घेतलात!”

“मोबाइलपेक्षा मी माझ्या माणसांवर विश्वास ठेवला. तिथंच चुकलं माझं.” बाईंनी छातीवर हात ठेवला. “दंडाची सगळी रक्कम पुढच्या फीतून वजा होईल. आणि ज्यांनी मुलांच्या जागेत असा खोटेपणा केला, त्यांना सोमवारपासून इथं काम नाही. बाकी यांचे आभार कसे मानू? एवढ्या जागरूक पालक! यांच्या मुलीची एका महिन्याची फी मी माफ करते.”

टाळ्या पडल्या. नवव्या कलमाच्या बापानं सगळ्यांत जोरात वाजवल्या. पैसे परत मिळणार म्हटल्यावर माणसांचं मन लगेच मोठं होतं.

“यांना काढू नका,” ती म्हणाली. पण तो आवाज दुकानातला नव्हता. टाळ्यांखाली तो तिला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. बाईंनी मात्र ऐकला. त्या जवळ आल्या, फक्त तिला ऐकू जाईल अशा बेतानं वाकल्या आणि म्हणाल्या,

“तुम्हीच विचारलंत ना, कुणी केलं म्हणून? आता या माफीच्या अर्जावर सही करा. की नको आहे? तसं सांगा, बाहेर चौदा जणांची यादी आहे प्रवेशासाठी.”

अर्ज आधीपासून छापलेलाच होता, फक्त नाव भरायचं होतं. एका महिन्याची फी. म्हणजे तिचा जवळजवळ अख्खा पगार. जवळपासचं दुसरं पाळणाघर याच्या दीडपट होतं. अर्ज तोंडावर फेकावा, असं तिला मनापासून वाटलं. तसं वाटत असतानाच तिनं सही केली. सही वाकडीतिकडी आली नाही, नेहमीसारखीच आली.

फाटकाबाहेर मावशी उभी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत घरची चप्पल आणि एक छोटी उशी. ती आपल्याचसाठी थांबली आहे, हे हिला कळलं. आता मिळतील त्या शिव्या मुकाट घ्यायच्या, असं ठरवून ती पुढे गेली.

“मावशी, मला वाटलं ते त्यांनीच…”

“ताई, ते राहू द्या. तुमच्या पोरीचं सांगायचं होतं.” मावशी भराभर बोलत होती. “दुपारी ती थापटून झोपत नाही, चिडते. नुसता पाठीवर हात ठेवायचा, खांद्यांच्या मध्ये. दाबायचा नाही. पाच मिनिटांत झोपते. नव्या बाईंना सांगाल ना? नाहीतर दुपारभर रडेल ती.”

“सांगेन.”

“बाकीच्यांचं पण सांगायचं होतं,” मावशी म्हणाली आणि फाटकाकडे बघितलं. आतून एकेक पालक बाहेर पडत होते, हसत, बोलत, आणि मावशी दिसली की रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला वळत होते. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग ती निघून गेली.

रविवारी दुपारी नवरा दार ओढून बाहेर पुस्तक वाचत बसला होता. सभेतली हकीकत त्याला अर्धीच सांगितली होती, आणि फी माफ झाल्याचं ऐकून तो इतका खूश झाला होता की उरलेली अर्धी सांगायची राहून गेली. मुलगी पलंगावर लोळत होती. तिनं सवयीनं तिला थापटायला सुरुवात केली. मुलीनं पाय झाडले, अंग आक्रसलं, किरकिरली. गेलं दीड वर्ष हे असंच चाललं होतं आणि ती समजत होती की पोरगी हट्टी आहे.

तिनं थापटणं थांबवलं. हात खांद्यांच्या मध्ये ठेवला, दाबला नाही.

मुलगी सैलावली. एक लांब श्वास आला, मग दुसरा. डोळे मिटले. आणि त्या मिटल्या डोळ्यांनी, अर्धवट झोपेत, तिनं विचारलं,

“मावशी?”

तिनं हात हलवला नाही.

“हं,” ती म्हणाली.