वेरेत्येचा हिवाळा

वेरेत्ये गाव दलदलीतल्या एका लांबट, कोरड्या उंचवट्यावर वसलंय. उत्तरेला शेवाळाची दलदल, दक्षिणेला शोर्ना नदी आणि नदीपलीकडे लुकिनो. एवढा भूगोल फळ्यावर काढून झाला की अलेव्तिना प्रोखोरोव्ना वर्गाकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "आता इतिहास. तो लुकिनोच्या पोरांनी जरा मान खाली घालून ऐकावा." एकोणतीस वर्षं त्यांनी वेरेत्येच्या शाळेत हे दोन्ही विषय शिकवले, आणि एकोणतीस वर्षं लुकिनोची पोरं पूल ओलांडून यायची आणि गुमान माना खाली घालायची.

इतिहास असा, की नदीकाठचं मोठं गवताळ कुरण मुळात वेरेत्येचं. दर उन्हाळ्यात प्रत्येक घर आपली खूण कोरलेली काडी टोपीत टाकायचं, एक म्हातारा डोळे मिटून काड्या काढायचा आणि ज्याचा जो पट्टा निघेल तिथलं गवत त्याने कापायचं. मग शंभर वर्षांपूर्वीच्या एका वसंतात महापूर आला, आणि त्या गोंधळात लुकिनोवाल्यांनी हद्दीचे खांब उपटून आपल्या सोयीने रोवले. तेव्हापासून कुरण त्यांचं. तेव्हापासून दोन गावांत सोयरीक नाही, आणि जत्रेला मारामारी ठरलेली. बाईंनी हे सगळं एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं. त्या पानावर 'चोर' हा शब्द चार वेळा होता.

पुढे दुकान गेलं, शाळा गेली, माणसं गेली. बेचाळीस घरांपैकी उन्हाळ्यात अकरा उघडतात, शहरातली मंडळी बटाटे लावायला येतात आणि सप्टेंबरात कुलपं ठोकून परत जातात. हिवाळ्यात धूर निघतो तो फक्त बाईंच्या धुराड्यातून. धूर दिसला की ट्रॅक्टरवाला गेन्का बर्फ बाजूला करत गावापर्यंत रस्ता काढतो. यंदा तालुक्याच्या कचेरीने स्पष्टच कळवलं होतं, की फेब्रुवारीत पाहणी होईल. गाव रिकामं आढळलं तर पुढच्या वर्षापासून रस्ता बंद, आणि त्यामागोमाग वीजही. दलदलीच्या बाजूची तीन गावं अशीच गेली होती. आता त्यांच्या अंगणांत बर्चची झाडं उगवलीत.

आणि नेमकी जानेवारीतच बाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख आली. तीन वर्षं वाट पाहून मिळालेली.

"आई, तुला गुडघा हवाय की गाव?" मुलीने फोनवर विचारलं.

"दोन्ही हवंय."

"दोन्ही मिळत नाही."

"ते मी बघते," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून रडल्या. मग तोंड धुतलं, काठी घेतली आणि गोठलेल्या नदीवरून लुकिनोला निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या तिथे काही मागायला जात होत्या, आणि अर्ध्या वाटेवर दोनदा परत फिरल्या होत्या, हेही सांगून टाकलेलं बरं.

रिम्मा सावेल्येव्ना गोठ्यातून येत होती. एकोणसत्तर वर्षांची, जन्मभर गायींच्या धारा काढून मनगटं पुरुषासारखी झालेली. बाई नोकरीला लागल्या त्या वर्षीच्या आठवीतली ही पोरगी. मान खाली घालणाऱ्यांतली पहिली.

"बाई? कुणी मेलं का?"

"अजून नाही." बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. "अडीच महिने कुणीतरी माझ्या घरात राहायला हवं. रोज दोनदा चूल पेटायला हवी. देण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

रिम्माने बादली खाली ठेवली. "लाकडं कसली आहेत? बर्चची का आल्डरची?"

"बर्चची. नऊ राशी."

"बर्चची धग टिकते. मग येते. नाहीतरी सुनेच्या राज्यात मला माझ्याच चुलीवरच्या उबदार ओट्यावर निजायला जागा नाही. नातवंडं चढून बसलेली असतात."

एवढ्यावर बोलणं संपलं. बाईंनी मनातल्या मनात जुळवलेली सगळी लांबलचक भाषणं वाया गेली.

वहीची आठवण झाली ती बसमध्ये, चाळीस किलोमीटर गेल्यावर. वही टेबलावरच्या फळीवर उघडी पडलेली, आणि रिम्माला हिवाळाभर दुसरं काम काय!  इस्पितळात भूल उतरल्यावर त्यांनी डॉक्टरांना पहिलं काय विचारलं असेल, तर धूर निघतोय का. डॉक्टर बिचारे घाबरले.

रोज संध्याकाळी त्या गेन्काला फोन लावायच्या.

"निघतोय, बाई, निघतोय. काल मी रस्ता काढायला गेलो तर तिने मला कोबीचं सूप पाजलं आणि वर झापलं, की फाटकापुढचा बर्फ नीट काढला नाही म्हणून."

बाई फोन ठेवायच्या आणि छताकडे बघत पडून राहायच्या. चोर म्हटलेल्यांच्या घरातली रिम्मा आपलं गाव जागं ठेवतेय, ही गोष्ट गुडघ्यापेक्षा जास्त ठणकायची.

मार्चच्या मध्यावर गेन्काने त्यांना फाटकाशी उतरवलं. धुराड्यातून धूर निघत होता. पायरीवरचा बर्फ खरवडून वर राख टाकलेली होती. आत पाऊल टाकलं आणि बाई थबकल्या. खोलीत भलताच उजेड होता. दक्षिणेच्या भिंतीचं कपाट जागचं हललं होतं, आणि त्यामागची खिडकी, जी बाईंनी लग्न होऊन आल्यापासून बंद ठेवली होती कारण तिच्यातून लुकिनो दिसायचं, ती सताड मोकळी होती.

"मला माझ्या घरचा धूर बघायचा असतो," रिम्मा म्हणाली. "सून चूल वेळेवर पेटवते का नाही ते कळायला नको? बसा. पाय वर घ्या. चहा ओतते."

बाई बसल्या. वही टेबलावर मिटून ठेवलेली होती.

"वाचलीस?"

"दोनदा. अक्षर सुरेख आहे तुमचं."

"रिम्मा, मी..."

"आधी इकडे या." तिने बाईंना दंडाला धरून खिडकीशी नेलं. "ऊन कललंय, आत्ताच दिसेल. ती नदीपलीकडची खोलगट जागा बघा. तिच्यात सावली पडलीय ती कुठून कुठे जाते?"

बाईंनी चष्मा चढवला. बर्फावर एक निळसर सावली पुलाजवळून निघाली होती, मोठं वळण घेत लुकिनोच्या अगदी कुंपणांपाशी गेली होती आणि तशीच वळून खाली पुन्हा नदीला मिळाली होती. दोन्ही कडांना विलोची झाडं रांगेत उभी होती. सामूहिक शेतीच्या काळात तिथे चर खणले, नांगर फिरवला. बाई तिला दलदलीचा खड्डाच समजत आल्या होत्या.

"ही तर नदी," बाई हळूच म्हणाल्या.

"जुनी नदी. पुराने वळण तोडलं आणि सरळ निघाली. हद्द नदीची होती ना? अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं. नदीच सरकली, कुरण पलीकडे गेलं. माझा आजा सांगायचा, खांब कधी नव्हतेच. आता आमच्या लोकांनी निमूटपणे निम्मं परत द्यायला हवं होतं, ते दिलं नाही. हावरट होतेच ते. पण चोर नव्हते."

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नद्या वळणं कशी तोडतात हे त्यांनी एकोणतीस वर्षं फळ्यावर काढून दाखवलं होतं, व्होल्गाची, ओबची, कुठकुठल्या परक्या नद्यांची. वेरेत्येत गोष्ट सांगता सांगता नदी गळून गेली होती आणि चोर तेवढे उरले होते.

"तेव्हाच का नाही बोललीस? वर्गात?"

"चौदा वर्षांची होते, बाई. आणि तुमच्या हातात पट्टी होती." रिम्मा हसली. "नकाशा वाचायला तुम्हीच तर शिकवलंत. म्हणून तर दिसलं."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "माझं चुकलं, रिम्मा. तुमच्या दोन पिढ्यांना मी खाली बघायला लावलं, आणि तू माझं गाव वाचवलंस. तुझे उपकार मी कुठे फेडू?"

"वाचलं कुठे अजून?" रिम्मा हात सोडवत म्हणाली. "पाहणीवाले आले होते. मी म्हटलं, बाई इस्पितळात आहेत, मी चूल सांभाळते. ते म्हणाले, राखणदार म्हणजे रहिवासी नव्हे. एवढा हिवाळा चालवून घेतला. पण तुमच्या दुसऱ्या गुडघ्याचं काय?"

"पुढच्या जानेवारीत."

"तेच म्हणते. लुकिनोत आम्ही साठ जण आहोत, एक कमी झाल्याने काही अडत नाही. माझं नाव तुमच्या पत्त्यावर घाला. घरमालकिणीने समोर येऊन होकार द्यावा लागतो, एवढंच."

 बाईंनी मान हलवली, आणि मग कितीतरी वेळ हलवतच राहिल्या.

सोमवारी गेन्काने दोघींना कचेरीत नेलं. काचेमागची पोरगी तरुण होती, घाईत होती. तिने रिम्माचं ओळखपत्र पाहिलं, बाईंचं पाहिलं.

"आजपर्यंत लुकिनो, इथून पुढे वेरेत्ये. बरोबर? घरमालकिणीशी नातं काय?"

रिम्मा गडबडली. "नातं म्हणजे... नातं काही नाही. मी आपली पलीकडच्या..."

"आमच्या गावची आहे," बाई म्हणाल्या.

पोरीने वर पाहिलं. "हे काही नातं नाही, आजी."

"तुम्ही लिहा."

रिम्माने डोक्यावरचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला आणि मान ताठ ठेवून काचेसमोर उभी राहिली.