विसरायला लागलेली दहा मिनिटं

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासणारी एक बाई होती. तिला सगळे भिंगवालीच म्हणत. समोरच्या माणसाचा चष्मा नुसता बघून ती नंबर सांगायची आणि तो सहसा चुकत नसे. दिवसभर ती काचेचा मऊ भुगा अंगावर घेऊन काम करी. पण तिचा खरा दिवस सुरू व्हायचा पहाटे. तोंडही न धुता ती जिन्याखालच्या कोपऱ्यातल्या जुन्या संगणकापुढे बसायची आणि नुकतंच पडलेलं स्वप्न टाइप करून ठेवायची. चौदा वर्षांचा नेम होता तो. कधी दोनच ओळी, कधी पानंच्या पानं. पुरात वाहणाऱ्या खुर्च्या, ओळखीचं पण कधीच न पाहिलेलं गाव, कोटाच्या खिशात सापडलेलं तळं. हे सगळं ती कुणाला दाखवत नसे, आणि कुणी विचारतही नसे.

मग एका रविवारी नणंद आणि तिचे यजमान जेवायला आले. गप्पा रंगल्या होत्या. भिंगवाली स्वयंपाकघरात गेली तेवढ्यात नवऱ्याने संगणक चालू केला आणि एक स्वप्न वाचून दाखवलं. तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला होता, पंपांच्या घरघरीत जन्म गेलेला, त्यामुळे हळू वाचणं त्याला ठाऊकच नव्हतं. ती सुपाचं भांडं घेऊन दारात आली, तेव्हा तिचं स्वप्न भिंतींवर आपटत होतं आणि तिघं हसत होते.

"वहिनी, तू म्हणजे कमालच आहेस गं!" नणंद डोळे पुसत म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

भिंगवालीने भांडं टेबलावर ठेवलं, सगळ्यांना वाढलं, स्वतःही जेवली. पाहुणे गेल्यावर ती संगणकापुढे बसली आणि त्याला कुलूप घातलं. साधंसुधं नव्हे. यंत्र जागं व्हायच्या आधीच जो पासवर्ड मागतं, तो. कुणाचं नाव नाही, जन्मतारीख नाही, या घरातल्या कुणालाही सात जन्मांत सुचणार नाही असं काहीतरी तिने रागाच्या भरात रचलं.

तो पासवर्ड तिने जेमतेम नऊ दिवस वापरला. दहाव्या दिवशी थोरल्या बहिणीच्या मणक्याचं ऑपरेशन ठरल्याचा फोन आला. तिचं करायला दुसरं कुणीच नव्हतं. भिंगवाली गेली ती आठ महिने राहिली. तिथे स्वप्नं पडत, पण ताईला कुशीवर वळवणं, औषधाच्या वेळा, चादरी धुणं यांत सकाळ कधी निघून जाई कळत नसे, आणि स्वप्नं मोरीतल्या पाण्यासारखी गळून जात.

परत आल्यावर पहिल्याच पहाटे ती जिन्याखाली जाऊन बसली. बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर राखाडी चौकट, चौकटीत लुकलुकणारी रेघ. तिने बोटं उचलली आणि ती तशीच हवेत राहिली. डोक्यात काहीच नव्हतं. घासून स्वच्छ पुसलेल्या काचेसारखं.

तिने अंदाजाने काही टाकून पाहिलं. चुकलं. दुसरं टाकलं, चुकलं. तिसऱ्यांदा यंत्र रुसलं, काही दाबलं तरी हलेना. वायर काढून पुन्हा लावावी तेव्हा परत तीच चौकट, तीच रेघ.

पुढचे दिवस विचित्र गेले. ती दुपारी दुकानातून आली की बाकावर आडवी व्हायची आणि अर्धवट झोपेत पासवर्ड शोधत फिरायची. एकदा दिसलं, की दुकानातल्या कप्प्यांत काचांऐवजी शब्द ठेवलेत आणि प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी आहे. तिने एक उचलून उजेडाकडे धरला, तर त्यातून पलीकडचं दिसत होतं. एकदा ताई बसथांब्यावर भेटली. "हे घे, तुझंच आहे," म्हणून तिने कागद दिला. तो ओला होता आणि अक्षरं बोटांना लागत होती. उठल्यावर भिंगवाली आठवेल ते जसंच्या तसं टाइप करायची. गवतकोट. सात खिडक्या. ताईचा हात. यंत्र सगळ्याला एकच उत्तर देई.

आणि ही स्वप्नं लिहायची कुठे? वहीत लिहून पाहिलं, पण हात जुळेना. परक्याच्या घरात अंघोळ केल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी नवरा तिच्या मागे येऊन उभा राहिला. "नाहीच आठवत?"

"नाही."

तो वर गेला. कपाट उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज आला. अर्ध्या तासाने कोपरापर्यंत धूळ घेऊन तो खाली आला. हातात संगणक घेतल्याची पिवळी पडलेली पावती होती. "दुरुस्तीवाल्या बाईंना विचारून आलोय काल. पावती असेल तरच हात लावते म्हणाल्या. चल, यंत्र घेऊनच जाऊ."

दुरुस्तीवालीचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. छतापर्यंत उघडी यंत्रं, खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या तारांत अडकलेलं. बाई पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर ओरखडे होते, ते भिंगवालीला आधी दिसले.

बाईंनी पावती उलटसुलट पाहिली. "यंत्र कुणाचं?"

"हिचं," नवरा म्हणाला.

"पावतीवर नाव तुमचं आहे."

"पावती माझी. यंत्र हिचं."

"असं रोज कुणीतरी सांगतं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं कुलूप मी काढत नाही. तुम्ही सही करा. आणि ताई, तुम्ही मला सांगा, उघडल्यावर आत काय दिसेल? ते दिसलं तर यंत्र तुमचं. नाही तर मी परत बंद करणार."

भिंगवालीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. जे कुणाला कळू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच आता उभ्या उभ्या बोलून दाखवायचं होतं.

"स्वप्नं आहेत," ती म्हणाली. "चौदा वर्षांची. वर्षाप्रमाणे लावलेली. सगळ्यात पहिल्या फाइलमध्ये मी एका लांब खोलीत आहे. खोलीला जमीन नाही, तरी मी पडत नाही. टोकाला आई बसून माझ्या फ्रॉकला बटण लावतेय. मी तिला म्हणते, अगं, मी मोठी झाले. ती म्हणते, थांब जरा, दोरा संपत आलाय."

बाई हसल्या नाहीत. वहीत लिहून घेतलं आणि पेटीचे स्क्रू काढायला लागल्या. आतून धुळीचा गोळा निघाला, एखाद्या लहान झोपलेल्या जनावरासारखा. मग त्यांनी चिमट्याने नाण्याएवढी चपटी बॅटरी उचलली आणि दोन पिनांवरची इवलीशी निळी टोपी काढून शेजारच्या पिनेवर सरकवली.

"डिस्कवरचं सगळं आहे तसं राहील," त्या म्हणाल्या. "पासवर्ड इथे, बोर्डावर असतो. फर्मवेअरचा, म्हणजे यंत्राला जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा. बॅटरी काढली, टोपी सरकवली, की हे जुनं यंत्र तो विसरतं. नव्यांचं इतकं सोपं नसतं. फक्त विसरायला जरा वेळ द्यायचा. दहा मिनिटं बसा."

ती दोघं भिंतीलगतच्या बाकावर बसली. ऊन हळूहळू सरकत त्यांच्या पावलांवर आलं. कुठेतरी एक पंखा फिरत होता. भिंगवालीला डोळे उघडे असूनही झोपेत असल्यासारखं वाटत होतं. समोरचं उघडं यंत्र लांब गेल्यासारखं, आणि त्याच्या आतलं सगळं गाव दिवे मालवून वाट बघत असल्यासारखं.

"मी ते हसायला वाचलं नव्हतं," नवरा एकदम म्हणाला. मग थांबला. "म्हणजे, हसायलाच वाचलं होतं. पण सुरुवात केली तेव्हा नाही. पहिल्या ओळीलाच वाटलं, हिच्या डोक्यात एवढं मोठं घर आहे आणि आपण इतकी वर्षं ओसरीवरच झोपतोय. भीती वाटली. भीती वाटली की मी चेष्टा करतो, तुला ठाऊक आहे."

"मला ते ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

"चुकलंच माझं."

तिने उन्हातली पावलं मागे घेतली. "सगळ्यांसमोर वाचलंत," ती म्हणाली. "मला विचारलं असतं, तर तुम्हाला एकट्याला मी वाचून दाखवलं असतं." आणि बोलल्यावर तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, कारण ते खरं होतं.

बाईंनी टोपी जागेवर बसवली, बॅटरी दाबली, वायर लावली. यंत्र एकदा बारीक ओरडलं. पडदा उजळला, आणि चौकट आली नाही. त्याऐवजी त्याने तारीख विचारली. त्याच्या मते ते अजून नवंकोरं होतं, कारखान्यातून नुकतंच निघालेलं.

"आजची तारीख सांगा," बाई म्हणाल्या.

भिंगवालीला क्षणभर तीही सांगता येईना. नवऱ्याने सांगितली. मग वर्षांची यादी उघडली, चौदा वर्षं, एकाखाली एक. नवरा उठून उभा राहिला. "मी बाहेर थांबतो," म्हणाला आणि खरंच रस्त्यावर जाऊन, काचेकडे पाठ करून, जाणाऱ्या-येणाऱ्या सायकली बघत राहिला.

बाईंनी पहिली फाइल उघडून तीन ओळी वाचल्या आणि वहीतल्या मजकुरावर रेघ मारली. "तुमचंच आहे. नवा पासवर्ड घालू का?"

"घाला," भिंगवाली म्हणाली. "पण मला लक्षात राहील असा."

तिने तो स्वतः टाइप केला, दोनदा.

त्या दुपारी ती बाकावर आडवी झाली नाही. जिन्याखाली बसून जुनी स्वप्नं वाचत राहिली. पुष्कळशी तिला आठवतच नव्हती. कुणी दुसरीच बाई ती बघून गेली होती आणि दार नीट ओढून घेऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती लिहायला बसली, तर पायरीवर नवरा येऊन बसला. केस विस्कटलेले, एका पायात मोजा.

"माझं एक लिहिशील?"

तिने मान वळवली. "सांगा."

"मी पाण्यावरून चालत होतो. खूप पाणी. खाली सगळ्या शहराचे नळ दिसत होते, मुळांसारखे पसरलेले. आणि अजिबात आवाज नव्हता." तो थांबला. "एवढंच."

ती टाइप करत होती. "पाणी गार होतं की कोमट?"

त्याने डोळे मिटून बराच वेळ विचार केला.

"ते नाही आठवत. पण पाय कोरडे होते."

तिने तेही लिहिलं.